येते म्हणून निघताना

घरातून बाहेर पडताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कोणाच्या तोंडून चुकून 'जाते' निघालेच, तर घरातली वडीलधारी बाई दारातच हटकते, 'अगं, येते म्हणावं.' शब्दाचा कोशातला अर्थ आणि वापरातला अर्थ यांत किती अंतर पडू शकते हे सांगताना वर्गात मी हे उदाहरण वर्षानुवर्षे देत आले. मुलांना ते चटकन कळे, थोडा हशाही होई. या उन्हाळ्यात अमेरिकेला निघताना ते क्रियापद मला स्वतःला उच्चारायचे होते, आणि वर्गात वाटत असे तितके ते सोपे नव्हते.

निवृत्तीनंतरचा हा पहिला उन्हाळा. इतकी वर्षे मे महिना उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत संपत असे. मुलगी न्यू जर्सीत, नातू सहा वर्षांचा. तिकडच्या शाळा जून सरता सरता सुटतात. तेव्हा मे अखेरीस निघावे, त्याची सुट्टी पदरात पाडून घ्यावी आणि जुलैच्या शेवटी परतावे, असे ठरले. ठरले म्हणजे मुलीने ठरवले. अडचण एकच होती आणि तिच्याविषयी घरात बरेच दिवस कोणी बोलत नव्हते. माझी आई आमच्याकडे राहते. वय 86. वडील गेल्यानंतर, आठ वर्षांपूर्वी ती आली. आपण जावयाच्या घरी राहतो याची जाणीव तिने एक दिवसही सोडलेली नाही. दुधाचा हिशेब ती ठेवते, भाजी ती निवडते, आणि पाहुणे आले की आपल्या खोलीत जाऊन बसते. आम्ही नसताना दोन महिने तिने नाशिकला दादाकडे राहायचे, यात वावगे काहीच नव्हते. दादा तिचा मुलगाच. तरीही हे तिला सांगायला मी तीन आठवडे लावले. सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला माहिती आहे. व्हिसाला मुंबईला गेलात तेव्हाच कळलं."

आपल्या प्रवासवर्णनांचे मला नेहमी एक नवल वाटते. बहुतेकांचा खरा आरंभ उंबरठा ओलांडल्यावर होतो. मागे राहिलेली माणसे पहिल्या दोन-चार पानांत डोळे पुसतात आणि मग पुस्तकातून नाहीशी होतात. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई 1958 साली विलायतेला गेले. त्या प्रवासाचे 'अपूर्वाई' 1960 मध्ये आले. त्यात निघण्यापूर्वीच्या तयारीची गंमत आहे, पण तिचा रोख निघणाऱ्याच्या फजितीवर आहे. विनोदी लेखनाला ते शोभतेही. विष्णुभट गोडसे 1857 साली वरसईहून निघाले ते घरावरचे कर्ज फिटावे, यज्ञातली दक्षिणा मिळावी म्हणून. बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीत अडकले, लुटले गेले. तरी परतताना गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. 'माझा प्रवास' हे 1907 साली छापलेले पुस्तक आपण शिकवतो ते राणी लक्ष्मीबाईंच्या प्रत्यक्षदर्शी हकिकतीसाठी. मला अलीकडे त्यातली कावडच अधिक आठवते. एवढ्या वाटेवर ती जपताना ते रोज काय मनात आणत असतील?

आणि आनंदीबाई जोशी. 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली तेव्हा ती नुकती अठरा वर्षांची झालेली. त्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत तिने आपण अमेरिकेला का जातो हे सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असेही तिने बजावले. सगळ्या समाजाला उद्देशून उच्चारलेले ते 'येते'च होते. ती आलीही, 1886 च्या अखेरीस, डॉक्टर होऊन पण क्षयाने खंगून. पुढल्या फेब्रुवारीत ती पुण्यात वारली. दिलेला शब्द पाळला जाणे आणि माणूस हाती लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

असो. आमच्या तयारीत गंगाजळ नव्हते, मेतकूट होते. आईने ते स्वतः भाजले. डाळी वेगळ्या, गहू-तांदूळ वेगळे, धणे-जिरे शेवटी. मिक्सरमध्ये दळायला मी घेतले तर तिला ते पसंत पडले नाही, मग गिरणीत पाठवले. त्याशिवाय आंबापोळी. गॅलरीत ताटे मांडून ती तीन दिवस कावळ्यांवर पहारा देत बसली होती. नातवाला खरा आंबा नेता येणार नव्हता. 2007 पासून आपला हापूस अमेरिकेत जातो, पण तो विकिरण करून, कागदपत्रांनिशी, व्यापारी पेट्यांतून. लासलगावच्या कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रातच त्या आंब्यांवर पहिल्यांदा ती प्रक्रिया झाली. आजीच्या पिशवीतल्या सहा आंब्यांना तिकडे प्रवेश नाही. हे आईला समजावताना ती एवढेच म्हणाली, "लासलगाव म्हणजे दादाच्या तिथून जवळच की." त्या वाक्याचे काय करावे ते मला कळले नाही.

माणशी दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. नवरा बॅग छातीशी धरून वजनकाट्यावर उभा राही, मग तिच्याशिवाय उभा राही, आणि वजाबाकी करी. या पद्धतीत पोटामुळे त्याला स्वतःला आकडा दिसत नसे. तो वाचायचे काम आईकडे. ती चष्मा लावून, काट्याशी वाकून मोठ्याने आकडा सांगे. त्या संध्याकाळी आम्ही तिघेही खूप हसलो. पुढे दोन किलो जास्त भरले तेव्हा मी पुस्तके काढली आणि डबे ठेवले. साहित्याची प्राध्यापक म्हणून हे कबूल करायला हरकत नसावी.

कबूल करायला अवघड आहे ती दुसरी गोष्ट. तिकिटे काढताना दोन दर होते. एकात परतीची तारीख बदलता येत होती, दुसऱ्यात नाही. फरक माणशी नऊ हजारांचा. आम्ही स्वस्तातली घेतली. त्यावर चर्चाही झाली नाही. संगणकावर दोन्ही आकडे शेजारी होते, बोट लहान आकड्याकडे गेले. पंधरा दिवसांनी मेथी निवडताना आईने विचारले, "तिकीट मध्येच बदलता येतं का गं?"

"येतं की," मी म्हटले.

तिने मान डोलावली आणि जुडी सोडली. नंतर मी स्वतःची समजूत घातली, की वेळ आली तर नवे तिकीट काढता येतेच, म्हणजे मी खोटे असे बोलले नाही. पण तिने पैशांचा प्रश्न विचारला नव्हता. मी निघताना तिचा विचार केला होता का, हे तिने विचारले होते आणि त्याचे उत्तर मी त्या नऊ हजारांत आधीच देऊन बसले होते. नवऱ्याला रात्री सांगितले. तो म्हणाला, उद्या चौकशी करतो. चौकशी केली. आता बदल करायचा तर फरकाच्या दुपटीहून अधिक पडत होते. आम्ही दोघेही गप्प राहिलो. तिकीट तेच राहिले.

निघण्याच्या चार दिवस आधी दादा गाडी घेऊन आला. खरे तर घरातून पहिले प्रस्थान आईचे झाले, आणि परदेशी कोण निघाले आहे असा मला प्रश्न पडला. आम्हाला तिकडे मुलगी होती, नातू होता, वेगळी खोली होती. आईला नाशकात मुलगा होता, पण हॉलमधला दिवाण होता, आणि रात्री उठून दिवा लावावा तर सगळ्यांची झोप मोडणार होती. तिने आपली पिशवी स्वतः भरली. चार लुगडी, जपमाळ, औषधांचा डबा, आणि आमच्या स्वयंपाकघरातले कालनिर्णय. "दादाकडे असेल की," मी म्हटले. "त्यावर माझ्या खुणा नसतील," ती म्हणाली. मी पान उलटून पाहिले. जुलैच्या एका चौकोनात पेन्सिलीने बारीक गोल काढला होता. आत काही लिहिलेले नव्हते.

दारात तिने मला जवळ घेतले आणि दादा जिना उतरून गेल्यावर हलकेच म्हणाली, "मला काही झालंच, तर धावत येऊ नकोस. पोराची सुट्टी मोडू नकोस. दादा आहे." तिकिटाचे तिला कळले होते का? कळले असेल तर माझी सुटका करावी म्हणून ती हे बोलली. कळले नसेल, तर ती तशीच आहे म्हणून. दोन्ही शक्यतांत माझी बाजू सारखीच लंगडी पडते. मी चिडले. "असलं काही बोलायचं नाही," असे आपण सगळेच अशा वेळी म्हणतो तसे म्हटले. त्याने तिचे तोंड बंद झाले. तिला जे आणखी सांगायचे असेल ते राहून गेले. मग मी तिच्या हातावर दही घातले. ते खरे तर तिने माझ्या हातावर घालायचे. तिने ते चाटले, पदराला हात पुसला आणि म्हणाली, "येते हं." आपल्याच लेकीच्या घरातून निघताना.

पुढचे चार दिवस वर्तमानपत्र बंद करणे, दूध बंद करणे, सिलिंडरचा नॉब दोनदा तपासणे, कुंड्या शेजारी नेऊन ठेवणे, कामवाल्या मावशींना दोन महिन्यांचा पगार देणे (पूर्ण द्यावा; त्यांची सुट्टी त्यांनी मागितलेली नसते) यांत गेले. आईच्या खोलीचे दार मी उघडेच ठेवले, मग धूळ जाईल म्हणून लावले.

विमान मध्यरात्रीनंतरचे होते. आम्ही दुपारीच निघालो. लोणावळ्याला गाडी थांबली तेव्हा फोन वाजला.

"पोचलात?"

"अगं, अजून लोणावळ्यालाच आहोत."

"काही खाल्लंत का? मेतकुटाचा डबा उपडा ठेवू नकोस, झाकण सैल आहे."

"नाही ठेवला. आई, येते गं."

"हो, ये," ती म्हणाली, आणि मग कोणाला तरी, "हा बंद कसा करायचा रे?"

कोणी बंद केला नाही. पलीकडे मालिकेतले कोणी मोठमोठ्याने भांडत होते, कुकरची शिट्टी झाली, दादाने काहीतरी विचारले आणि आईने त्याला उत्तर दिले ते नीट ऐकू आले नाही. नवरा गाडीतून हात करून बोलावत होता. मी फोन कानाशी तसाच धरून उभी होते.