जिन्याचा कठडा

मुलानं हौसेनं बांधलेल्या आमच्या फलटणच्या घरात जिन्याला कठड्याऐवजी काच लावली. दिसायला सुरेख! पण दिवाळीपासून ही वर येईनाशी झाली. विचारलं तर म्हणे, "गुडघे दुखतात." मीही मानलं. परवा पहिल्या पायरीशी उभी राहून ती काचेवर तळवा टेकवताना दिसली. तळवा घसरत होता. धरायला काहीच नव्हतं हो!

सुतारमामांना बोलावलं. म्हटलं, काचेला भोकं पाडून दांडा बसवा. ते हसले. "गुरुजी, टफन काच ही. आता भोक पाडलं तर सगळा चुरा होईल." मग त्यांनी सागवानी दांड्याला खालून खाच पाडली, खाचेत रबर घातलं आणि दांडा काचेच्या वरच्या कडेवर बसवला. जाडी मुठीत मावेल एवढीच.

लहानपणी वाड्याच्या अंधाऱ्या जिन्याला नुसता दोर असे. पण तो हातात यायचा!

काल संध्याकाळी ही वर आली. माझ्या पुस्तकांवरची धूळ बघून रागावली. बरं वाटलं. जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' सांगत आलो. घरातला तेवढा वाचायचा राहिला होता. असो.