पानिपतानंतरचं इंदूर

छत्रीबाग, इंदूर, ६ जुलै २०२५, आषाढी एकादशी
फराळ आटोपून सगळे माडीवर जमलो. १९ तारखेला डॉ. जयंत नारळीकरांचा जन्मदिवस. २० मे रोजी ते गेले, त्यानंतरचा हा पहिलाच. त्या दिवशी घरच्या घरी श्रुतिका करायचं ठरलं. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा जशीच्या तशी नाही करायची. जग त्या कथेचं, गोष्ट आमची. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांवर आलेली गोळी त्या जगात हुकते, मराठे जिंकतात, कंपनी सरकारला देश गिळता येत नाही. गंगाधरपंतांना ते जग मुंबईत दिसतं. त्याच जगात इंदुरात काय चाललं असेल?

९ जुलै
संहितेवरून बरीच वादावादी झाली. धाकट्याला होळकरांचं अंतराळयान हवं होतं. आत्या म्हणाली, "नाही रे राजा. नारळीकरांनी एकच गोष्ट बदलली, बाकीचं तिच्यातून ओघानं आलं. आपणही वरून काही चिकटवायचं नाही." तिचंच खरं. मग मल्हाररावांचा विषय निघाला. आपल्या इतिहासात पराभव दिसताच ते रणातून निघाले, आणि तो ठपका अजून पुसलेला नाही. तिकडे जय झाला, तेव्हा ठपका कसला! आमच्या नाटकात तिकडच्या इंदूरच्या शिक्षिकेला आपल्या इतिहासाचं एक पान सापडतं. मूळ कथेत पंतांबरोबर तिकडचं पान इकडे येतं. आमचं पान इकडून तिकडे जातं. ते वाचून मल्हाररावांबद्दल वर्गात काय सांगायचं, हा तिच्यापुढचा पेच.

१३ जुलै
आज आवाज धरले. दारं-खिडक्यांवर रजया टांगल्या, पंखा बंद. परातीत माती पसरून करवंट्या आपटल्या, घोडदळ तयार झालं. मोबाइलजवळून वेताची छडी सपकन फिरवली. कानाला चाटून जाणारी गोळी हुबेहूब उतरली. काका आकाशवाणी इंदूरच्या श्रुतिका ऐकत वाढलेले. त्यांनी बजावलं, "पात्र बोलायला लागलं की लगेच कुणीतरी त्याला नावानं हाक मारली पाहिजे. ऐकणाऱ्याला चेहरा दिसत नसतो." त्याप्रमाणे पहिला प्रवेश पुन्हा लिहिला.

१९ जुलै, शनिवार
रात्री सगळ्यांनी मिळून ऐकली. आरंभी नारळीकरांचं आणि कथेचं नाव, मग आमची. ही घरापुरतीच, पैशाचा संबंध नाही. गोळी हुकते त्या क्षणी आजी ताठ उठून बसली.
नारळीकरांचं बालपण बनारसमध्ये गेलं: घरात मराठी, बाहेर हिंदी. आमचंही तसंच. म्हणून शिक्षिकेचं बोलणं आम्ही पुणेरी केलं नाही. ती वर्गात मराठी बोलते आणि शिपायाला "भैया, जरा घंटा बजा दो" म्हणते. तिकडच्या हिंदुस्थानात अशी मराठी गावोगावी असणार, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या भागात हीच बाई दिल्लीला जाईल. आत्याचा नियम तिथेही पाळायचा.