साकव मोडताना

वस्तू जतन कशी करावी, हे वडीलधारी मंडळी आपल्याला शिकवतात. ती मोडावी केव्हा, हे मात्र सहसा कुणी शिकवीत नाही. हा धडा मी आयुष्यात फार उशिरा गिरवला आणि तोही वसईच्या वाडीत नव्हे, तर कॅनडातल्या एका डोंगरावर.

२०२३ च्या सप्टेंबरात मी थोरल्याकडे नॉर्थ व्हँकुव्हरला गेलो होतो. शहराच्या उशाशीच फ्रॉम, सिमोर आणि सायप्रेस हे डोंगर उभे आहेत. त्यांच्या गर्द अरण्यातून खाली येणाऱ्या सायकलींच्या वाटा जगभर प्रसिद्ध आहेत, त्या तेथील लाकूडकामामुळे. तिकडचा पाऊस आपल्यासारखा चार महिने कोसळून निघून जात नाही. शरदापासून वसंतापर्यंत तो झिमझिमतच राहतो. वाटांवर चिखल होतो, झाडांची मुळे उघडी पडतात. १९९० च्या आसपास टॉड फियांडर यांच्यासारख्या हौशी माणसांनी यावर तोड काढली. अरण्यात पडून राहिलेले तांबड्या सीडरचे ओंडके उभे फाडायचे, दोन लांब तुळयांवर त्या चिरफळ्या आडव्या ठोकायच्या, की जमिनीवर शिडी निजवावी तसा पूल तयार! पुढे गरज मागे पडली आणि हौस पुढे धावली. पूल उंच होत गेले, रुंदीला वीत-दीड वीत उरले. १९९७ मध्ये तेथील सायकलस्वारांनी आपली संघटना स्थापन केली. आज तिचे स्वयंसेवक जमिनीची देखभाल करणाऱ्यांच्या परवानगीने या वाटांची निगा राखतात.

माझा मुलगा त्यांपैकीच एक. एका रविवारी दुपारी तो मला त्याच्या वाटेवर घेऊन गेला. वळणावर ओहळाच्या पाणथळीवरून गेलेला, छातीइतका उंच असा एक पूल होता. पंधरा वर्षांपूर्वी, परमुलखात नवखा असताना, त्याने पहिल्यावहिल्या मित्रांसह तो बांधला होता. त्यांतले दोघे आता दूरच्या शहरांत स्थायिक झाले आहेत. पुलाच्या कठड्याशी उभा राहून तो म्हणाला, “पप्पा, चार फळ्या बदलल्या, की अजून पाच वर्षं जाईल.”

मी सुताराचा मुलगा. वडिलांची हत्यारे माझ्या हाती फारशी आली नाहीत. मी शिक्षक झालो. पण लाकडाचा आवाज कानाला ओळखू येतो. मी हातोडीने तुळईवर ठोकले. मधल्या भागात टणक नाद आला. टोकाशी, जिथे ती मातीत टेकली होती, तिथे मडके वाजावे तसा पोकळ. मुलाने पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. सीडरच्या गाभ्याला कीड व बुरशी सहजासहजी लागत नाही, म्हणून वरच्या फळ्या शाबूत होत्या. तुळया मात्र हेमलॉकच्या होत्या, साल न काढताच घातलेल्या. सालीखाली पाणी मुरले आणि लाकूड आतून कुजले. वरून काहीच दिसत नव्हते.

मुलगा गप्प झाला. तेव्हा मी त्याला आमच्या साकवाची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे ती मी घरात कधी बोललो नव्हतो.

आमच्या वाडीच्या पाटावर माझ्या वडिलांनी माडाची दोन खोडे टाकून साकव केला होता. वडील गेले. त्यांच्या हातची वस्तू, म्हणून मी दर वर्षी पावसाआधी त्यावर नव्या फळ्या ठोकीत असे. माडाचे खोड बाहेरून कठीण, आतून भुसभुशीत. ते केव्हाच पोखरले होते. पायांखाली ते दबते, हे मला जाणवत होते. पण मोडायला हात धजेना. १९८६ च्या जुलैत, पहाटेच्या गाडीला फुलांची पाटी घेऊन निघालेली शेजारची मावशी त्या साकवावरून खाली गेली. खुब्याचे हाड मोडले. पुन्हा तिने डोक्यावर पाटी घेतली नाही. मी भेटायला गेलो, तर तीच माझी समजूत घालू लागली, “तुझ्या बापाच्या हातचा होता रे, तू तरी कसा मोडशील?” तिने शिव्या दिल्या असत्या, तर मला ते सोपे गेले असते.

मुलाने सारे ऐकून घेतले. बोलला काहीच नाही. पण पुढच्या शनिवारी रीतसर कळवून, परवानगी घेऊन, तो तीन स्वयंसेवकांसह पहारी आणि अंबूर घेऊन आला. आधी दोन्ही टोकांना वाट बंद केली. अर्धवट मोडलेला पूल हा उभ्या पुलाहून घातक. मग एकेक फळी उचकटली. खिळे काढून बादलीत टाकण्याचे काम माझ्याकडे होते. एकही खिळा अरण्यात राहू द्यायचा नाही, असा दंडक. कुजके लाकूड वाटेपासून दूर, जमिनीला टेकेल असे पसरून दिले. तिथेच एका जुन्या ओंडक्यावर हेमलॉकची बोटभर रोपे उगवलेली मी पाहिली. त्या अरण्यात पडलेले झाड असेच पुढच्या झाडांना अंगाखांद्यावर वाढवते.

पाणथळीत मोठमोठे दगड एकमेकांत घट्ट बसवले. पाण्याला बाजूने वाट काढून दिली. वरची काळी, पालापाचोळ्याची माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती बाजूला सारून खालची तांबूस, खडीची माती आणून दगडांच्या फटींत ठोकली. या कामाला तीन शनिवार लागले.

शेवटच्या संध्याकाळी एक तरुणी सायकलवरून आली, दगडांवरून खडखडत गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. तिथे पूल होता, हे तिला ठाऊकही नसावे. मुलाने बादलीतला एक वाकडा खिळा उचलून खिशात टाकला. मी ते पाहिले नाही, असे दाखवले.

मावशी आता नाही. आमच्या पाटावर सिमेंटची मोरी आली, त्यालाही खूप वर्षे लोटली. परत आल्यावर मी तिच्या मुलाकडे गेलो आणि सदतीस वर्षांपूर्वी जे बोलायला हवे होते, ते बोललो: खोड पोकळ होते आणि ते मला माहीत होते.