दिव्याची साक्ष

यंत्रें मुकीं असतात असें आपण म्हणतों. परंतु तें सर्वस्वीं खरें नाहीं. मोटारसायकलीच्या मीटरमधील दिवे ही त्या यंत्राची वाणीच होय. आमच्या मोटारसायकलीस चार गिअर आहेत. गाडी कोणत्या गिअरमध्यें आहे हें सांगण्याकरितां मीटरमध्यें १ पासून ४ पर्यंत आंकड्यांचे चार लहान दिवे असून, ती न्यूट्रलमध्यें, म्हणजे कोणत्याच गिअरमध्यें नसली, कीं पांचवा हिरवा दिवा लागतो. हिरवा दिवा दिसला म्हणजे क्लच सोडण्यास हरकत नाहीं, असा त्याचा अर्थ. गेल्या पावसाळ्यांत आमचा हा दिवा खोटी साक्ष देऊं लागला. त्याची हकीगत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

आमचें घर पेण येथें व आमच्या भगिनीचें रोहा येथें. त्यामुळें वडखळ, नागोठणें व पुढें भिसे खिंड या वाटेनें आमचें जाणें-येणें नेहमींचें. पेणच्या बाजूस मिठागरें आहेत. धरमतरच्या खाडीवरून येणारी हवा खारट. त्यांत कोंकणचा पाऊस. असल्या हवेंत लोखंड गंजतें व तांब्यास कळंक चढतो, हें येथील कोणासही सांगावयास नको.

आमचा थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाचीं १८ वर्षें पूर्ण असावीं लागतात. तीं होतांच त्यानें रीतसर परवाना घेतला. ऑगस्ट महिन्यांतील एके सकाळीं त्यानें अंगणांत क्लच दाबून गाडी सुरू केली, हिरवा दिवा पाहिला व क्लच सोडला. गाडी पहिल्या गिअरमध्यें होती. ती एकदम पुढें उसळली व ओटीच्या पायरीवर आदळून बंद पडली. पायरीपासून दोन हातांवर आमच्या मातोश्री तांदूळ निवडीत बसल्या होत्या. कोणास इजा झाली नाहीं. परंतु सुपांतील तांदूळ अंगणभर झाले, आणि मातोश्रींच्या हातांचा कंप दुपारपर्यंत थांबला नाहीं. मुलगा पुनःपुन्हां एवढेंच म्हणे, “बाबा, दिवा हिरवा होता हो!” त्याचें म्हणणें अगदीं खरें होतें. दिवा हिरवाच होता. तो विझतच नव्हता. आणि १ चा दिवा कांहीं केल्या लागत नव्हता.

गाडी एका दुकानीं दाखविली. तेथें एकही झांकण न उघडतां निकाल मिळाला, कीं मीटर व सर्व वायरिंग बदलावें लागेल. शेजारच्या एका गृहस्थांनीं याहून स्वस्त उपाय सुचविला: “दिव्याची तारच काढून टाका. दिवाच नसला तर खोटें बोलणार कोण?” पहिल्या उपायांत पैसा जात होता व दुसऱ्यांत साक्षीदारच जात होता. आम्हांस दोन्हीही पटले नाहींत.

पुढें रोह्यास जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां गाडी सुरू करण्यापूर्वीं ती प्रत्येक वेळीं पुढें-मागें ढकलून पाहात आम्ही निघालों. गाडी गिअरमध्यें असली तर चाक अडतें. हाताची ही साक्ष कोणत्याही तारेवर अवलंबून नाहीं. रोह्यास कुंडलिका नदीच्या बाजूस एका वयस्क मिस्त्रींचें छोटेसें गॅरेज आहे. त्यांनीं सर्व हकीगत ऐकून घेतली व म्हणाले, “सर, दिवा खोटं बोलत नाही. त्याला खालून जें कळवलं, तेंच तो दाखवतो. कळवणाऱ्यांत कोण बिघडलाय, तेवढं बघूं.”

हें कळविण्याचें काम कसें चालतें तें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. बॅटरीची १२ व्होल्टची वीज फ्यूजमधून प्रथम दिव्याकडे येते. दिव्यांतून निघून ती तारेनें खालीं, इंजिनाच्या डाव्या अंगास असलेल्या स्विचाकडे जाते. गिअर बदलतांना इंजिनांत एक दंडगोल फिरतो. त्याबरोबर फिरणारी धातूची पट्टी ज्या गिअरच्या टोंकास टेकेल, त्या तारेंतील वीज इंजिनाच्या धातूंतून बॅटरीच्या ऋण टोंकास परत पोंचते व तो दिवा लागतो. म्हणजे येथें बटन दिव्याच्या अलीकडे नसून पलीकडे आहे. म्हणूनच तारेवरील आवरण झिजून उघडें तांबें इंजिनास टेकलें, तरी फ्यूज उडत नाहीं. कारण ती वीज दिव्यांतून आलेली असते. नुसता दिवा लागतो, आणि लागूनच राहतो. उलट तार तुटली तर दिवा कधींच लागत नाहीं.

मिस्त्रींनीं चावी फिरवून, इंजिन सुरू न करतां, स्विचाकडून येणाऱ्या तारांची मधली जोडणी सोडविली. तत्क्षणीं हिरवा दिवा विझला. “म्हणजे दोष या जोडणीच्या खालीं आहे,” ते म्हणाले. मग वरच्या बाजूची, १ च्या दिव्याची तार घेऊन तिचें टोंक त्यांनीं इंजिनाच्या धातूस टेकविलें. इतके दिवस मुका असलेला १ चा दिवा लख्ख लागला. दोन मिनिटांत मीटर निर्दोष ठरलें आणि वरची तारही निर्दोष ठरली. जें सर्व बदलावयाचें होतें, त्यांत कांहींच बिघडलें नव्हतें.

नंतर त्यांनीं पुढील स्प्रॉकेटवरील झांकण उघडलें. आंत चिखल व चेनचें तेल यांचा काळा लगदा बसला होता. तो रॉकेलनें धुतल्यावर खरा प्रकार दिसला. तारा जागेवर धरून ठेवणारी लहानशी क्लिप तेथें नव्हती. पूर्वीं केव्हांतरी चेन बदलतांना कोणीतरी ती काढली व पुन्हां बसविली नाहीं. त्यामुळें तारा लोंबून फिरत्या चेनवर घांसत राहिल्या. हिरव्या दिव्याच्या तारेचें आवरण झिजून तिचें तांबें इंजिनास टेकलें होतें, आणि शेजारची १ ची तार पार तुटली होती. एक दिवा विझत नव्हता व दुसरा लागत नव्हता. परंतु दोहोंचें कारण एकच, आणि तेंही बोटाच्या पेराएवढें.

तारांचीं टोंकें सोलून, पीळ देऊन, त्यांवर कथिलाचा डाग दिला. वर नळी चढविली. जोडणीवरील हिरवा कळंक घांसून काढला व नवी क्लिप बसविली. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, मागील चाक हातानें फिरवीत एकेक गिअर टाकून पाहिला. पांचही दिवे आपापल्या वेळीं लागले व आपापल्या वेळीं विझले.

रोह्याहून कोंकण रेल्वेचा आरंभ होतो. तो मार्ग १९९८ सालीं पूर्णपणें सुरू झाला. रेल्वेच्या सिग्नलांत या बाबतींत मोठें शहाणपण आहे. अमेरिकेंतील विल्यम रॉबिन्सन यांनीं १८७२ सालीं पेटंट घेतलेल्या योजनेंत रुळांतूनच मंद वीज खेळविलेली असते. मार्ग मोकळा व सर्व जोडण्या शाबूत असतील, तरच ती पलीकडे पोंचून ‘मार्ग मोकळा’ असा निरोप देते. रुळावर गाडी असो, तार तुटो वा बॅटरी संपो. सिग्नल धोकाच दाखवितो. आमच्या हिरव्या दिव्याचें उलट होतें. त्याची तार बिघडली, तर तो ‘सर्व ठीक आहे’ असें सांगे.

विद्यार्थिमित्रांनो, असे दोन दिवे आम्हांस वर्गांतही दिसतात. ‘समजलें का?’ असें विचारलें असतां कांहीं मुलें कधींच बोलत नाहींत, आणि कांहीं मुलें प्रत्येक वेळीं ‘समजलें, सर’ असें म्हणतात. न बोलणारांची काळजी शिक्षकांस वाटते, घरींही वाटते. परंतु सदैव हिरवा असणाऱ्या दिव्याकडे कोणी पाहात नाहीं. परीक्षेच्या दिवशीं गाडी उसळते, तेव्हां सर्व चकित होतात.

पालकांस आमची विनंति अशी, कीं गुणपत्रक हाही एक दिवाच आहे. त्यावर रागावून उपयोग नाहीं व तें दृष्टीआड करूनही उपयोग नाहीं. शाळा बदलावी, विषय बदलावा, असें ठरविण्यापूर्वीं एकेक जोडणी सोडवून पाहावी. फळ्यावरील अक्षर त्यास दिसतें काय? मागील इयत्तेचें गणित पक्कें झालें आहे काय? रात्रीं झोंप पुरी होते काय? दोष पुष्कळदां पेराएवढ्या जागेंत असतो, आणि तेथें बसवावयाची क्लिपही तेवढीच असते.

आणि ज्या दिवशीं एखादें मूल उभें राहून ‘सर, हें मला समजलें नाहीं’ असें सांगतें, त्या दिवशीं त्याची तार शाबूत आहे असें आम्ही समजतों.