वरातीतले अण्णा

सी. रामचंद्र हे नाव ठाऊक होण्याआधी त्यांची चाल माझ्या कानावर पडली, ती कळंबच्या बँडवाल्यांकडून. वरात वेशीपाशी थांबली की बँडमास्तर क्लॅरिनेट उंच धरायचे आणि 'शोला जो भडके' सुरू व्हायचं. नवरदेवाचे मित्र टोप्या खिशात कोंबून नाचायला उतरायचे. नाच भगवानदादांचा : हात सैल, पावलं छोटी. हे गाणं कुठल्या सिनेमातलं, हे माझ्या गावीही नव्हतं. मला ते लग्नाचंच वाटायचं, मंगलाष्टकांसारखं.

ते गाणं ज्यातलं, तो 'अलबेला' पाहिला येरमाळ्याला, येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये. सिनेमा १९५१ चा, प्रिंट झिजलेली, फीत मधेच तुटायची. पण बोंगो वाजला तशी खाली बसलेली माणसं उठली. त्या वाद्यमेळात ट्रम्पेट होता गोव्यातल्या आल्डोन्याच्या अंतोनियो झेवियर वाझ यांचा. मुंबईतले जॅझचे शौकीन त्यांना 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखत. रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचा आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं संगीत, असं त्या काळच्या कितीतरी गोवेकर वादकांचं आयुष्य होतं. श्रेयनामावलीत त्यांना जागा मिळत नसे, हे मला आजही सलतं.

अण्णा, म्हणजे सी. रामचंद्र, स्वतः पुणतांब्याचे, जन्म १९१८ चा. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेले, हाताखाली पेटी. गोम इथंच आहे, असं मला वाटतं. ठेका बाहेरचा, वाद्यं बाहेरची, पण चाल पेटीवर बसवलेली, कुणाच्याही गळ्यात मावणारी. पुढे हेडफोन लावून गाणं नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं, गायकाच्या ओळीला वाद्यं पाठीमागून उत्तर देतात. हा जॅझचा सवाल-जवाब. नोटेशनचा कागद कधी न पाहिलेले आमचे बँडमास्तर सवालही आणि जवाबही एकट्या क्लॅरिनेटवर काढत होते!

अण्णांनी परदेशी चाली उचलल्या, असा आक्षेप घेतात. 'समाधी'तल्या (१९५०) एका गाण्याचं मूळ लॅटिन अमेरिकी ढंगाचं आहेच. पण उचलेगिरीवर 'शिनशिनाकी बूबलाबू', 'अनारकली' आणि 'आशा'तलं 'ईना मीना डीका' अशी वेगवेगळ्या जातीची गाणी पाच-सहा वर्षांत होत नाहीत. विविध भारतीवर निवेदक संगीतकाराचं नाव सांगायचा आणि मी चकित व्हायचो : हेही यांचंच?

२७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगों' गायलं, तेही यांचंच. दर सव्वीस जानेवारीला आमच्या गावोगावच्या शाळांत ते कर्ण्यावर लागतं. लताबाईंचं नाव घेतात, कधी कवी प्रदीपांचं. चाल बांधणाऱ्याचं कुणी घेत नाही. म्हणून शाळेत बोलायला बोलावलं की मी आधी 'ईना मीना डीका' लावतो. पोरं बाकं वाजवतात. मग दुसरं लावतो. पोरं आपोआप उभी राहतात. दोन्ही एकाच माणसाची, म्हटलं की वर्गात गलका होतो आणि मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "गुरुजी, मग त्यांनी मराठीत काय केलं?"

तेव्हा 'घरकुल' सिनेमातलं, १९७० सालचं 'पप्पा सांगा कुणाचे' लावतो. ते त्यांना आधीपासून पाठ असतं.