एका संग्रहांतील चौदा वर्षें

जॅझच्या स्वरांस नाचाचा ठेका जोडणाऱ्या ‘ॲसिड जॅझ’ धाटणीचा जमिरोक्वाय हा लंडनचा वाद्यवृंद. त्याचा ‘हाय टाइम्स’ हा निवडक गीतांचा संग्रह २००६ सालीं निघाला. तो आम्ही गेल्या सुटींत एका बैठकींत ऐकला. १९९२ पासूनचीं गीतें बहुतेक कालानुक्रमानें घातलीं आहेत, हें फार बरें झालें. पहिल्याच गीतांत ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवाशांचें डिजेरिडू हें लांकडी वाद्य घुमतें, आणि सृष्टीच्या नासाडीबद्दल जेसन के आपणां सर्वांस जाब विचारितो. तेव्हां तो अवघा २२ वर्षांचा होता!

१९९६ सालचें ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’ लागलें कीं आमचें लक्ष गळ्याकडून खालच्या स्वरांकडे जातें. तेथें स्टुअर्ट झेंडर बास गिटार वाजवितो. तबलजीच्या डग्ग्याप्रमाणें ते मंद्र स्वर गाण्याशीं बोलत असतात. १९९८ सालीं तो वाद्यवृंद सोडून गेला. पुढचीं गीतें नाचावयास उत्तम खरीं, पण आमच्या कानांस तें संभाषण तुटल्यासारखें वाटतें. लोक ओळखतात तो चित्रविचित्र टोप्या घालणाऱ्या गायकास. झेंडरचें नांव आमच्या घरीं कोणासच ठाऊक नव्हतें. आतां धाकटा भाऊ, “झेंडरचें गाणें लावा,” असा हट्ट धरितो.