फरशी घेताना दुकानात पाण्याची बाटली घेऊन जा



आज पिकाचं नाही, दारातल्या फरशीचं लिहितोय. सोयाबीनचे पैसे हातात आले की आपल्यातले बरेच जण दिवाळीआधी हाच खर्च काढतात. मी पण काढला होता, आणि चुकलो.

आमचं गाव बार्शी भागातलं, जमीन काळी. ओसरीला वडिलांनी घातलेली शहाबादी फरशी होती. दिसायला खडबडीत, कळकट. तीन वर्षांपूर्वी पोरं म्हणाली, "दादा, आता टाईल्स घालू." दुकानात गेलो, तोंड दिसेल अशी चकचकीत व्हिट्रीफाईड टाईल पसंत केली. ओसरी, पायऱ्या, सगळीकडं तीच. जुनी फरशी उचकटून विहिरीवर टाकली.

आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "आरं, ह्याच्यावर पाय ठिवायचं भ्या वाटतंय." मी म्हणालो, होईल सवय.

जुलैच्या भुरभुर पावसात ती गोठ्यातून दुधाची चरवी घेऊन आली. ओले पाय, तळव्याला चिखल. पायरीवरच घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्या सालची तूर त्यातच गेली. दवाखान्यात आई मलाच समजावत होती, "पाय माझाच चुकला रं." पाय तिचा चुकला नव्हता. सत्तर वर्षं ती त्याच दारातून ओल्या पायानं ये-जा करत होती.

मग सगळं नव्यानं केलं. गवंड्याकडून आणि ठेचा खाऊन जे शिकलो ते सांगतो.

१) चकचकीत टाईल पाणी पीत नाही. पाण्याचा थर वरच राहतो आणि पाय त्यावर तरंगतो. ओसरी, पायऱ्या, न्हाणी इथं मॅट किंवा खडबडीतच घ्या. काही कंपन्या टाईलची पकड आर-९ ते आर-१३ अशा आकड्यात सांगतात. आकडा मोठा, तेवढी पकड जास्त. दुकानदाराला विचारा. शहाबादी घेतली तर बाहेरच्या कामाला पॉलिश करू नका.

२) पायऱ्या. आमचा चौथरा दोन फूट उंच. आधी नऊ-नऊ इंचाच्या दोन पायऱ्या आणि वर सहा इंचाची अर्धवट तिसरी होती. अशा कमी-जास्त उंचीलाच पाय फसतो. आता सारख्या सहा इंचाचे चार चढ केलेत. पाय ठेवायला बारा इंच जागा आणि बाजूला लोखंडी पाईपचा कठडा.

३) उतार. सहा फुटांच्या ओसरीला बाहेरच्या अंगाला एक इंच उतार दिला. पाणी साचत नाही, शेवाळ धरत नाही. ते पाणी आळूच्या वाफ्यात सोडलंय.

४) गोठ्याकडची वाट. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट फरशी टाकली की दोन वर्षांत वर-खाली होते. दीड फूट काळी माती काढली, मुरूम थराथरानं भरला, पाणी मारून धुमसला, मग फरशी बसवली. खर्च ह्यातच जास्त झाला, पण दोन पावसाळे झाले, एकही फरशी हललेली नाही.

५) जनावरं जिथून जातात तिथं फरशी नकोच. काँक्रीट करून ओलं असतानाच खराट्यानं रेघा ओढल्या, थोड्या अंतरावर खाचा पाडल्या. गाभण गाय घसरली तर काय होतं हे तुम्हाला सांगायला नको.

ओसरीला आणि वाटेला विहिरीवरची वडिलांची शहाबादीच आणून बसवली. चार-पाच फुटल्या होत्या, तेवढ्या नव्या घेतल्या. चकचकीत टाईल आता फक्त आतल्या खोलीत आहे.

आई वॉकर घेऊन सकाळी तुळशीपर्यंत जाते. गोठ्यापर्यंत काही जाता येत नाही तिला. गाईचं नाव घेऊन ओसरीवरूनच हाक मारते.

तेव्हा मंडळी, टाईल बघायला जाताना पाण्याची बाटली न्या. चप्पल काढा, नमुन्यावर पाणी ओता, ओला पाय ठेवून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या. आणि घरातलं म्हातारं माणूस जमलं तर सोबत न्या. पसंती त्यांना विचारा.